जेम५ चे आकडे गोळा करणारी स्क्रिप्ट: नवीन लोकांसाठी माझा अनुभव

आर्किटेक्चर लॅबमध्ये नवीन आलेली मुलं सगळा जीव सिम्युलेटर बिल्ड करण्यात आणि बेंचमार्क चालवण्यात घालतात, आणि आकडे गोळा करायची स्क्रिप्ट मात्र डेडलाइनच्या आदल्या रात्री ग्रेप आणि ऑक या टेक्स्ट शोधायच्या कमांड जोडून कशीबशी उभी राहते. मला मनापासून वाटतं की रनचा पहिला मोठा बॅच सोडायच्या आधीच पार्सर, म्हणजे आउटपुट फाइलमधून आकडे वेचणारी स्क्रिप्ट, तयार पाहिजे, आणि आकडा संशयास्पद दिसला की त्याने तिथेच थांबून ओरडलं पाहिजे. मी जेम५ बद्दलच, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरबद्दलच लिहितेय कारण माझं सगळं काम त्यावर झालंय.

रन संपला की एम५आउट फोल्डरमध्ये स्टॅट्सची टेक्स्ट फाइल मिळते, एका ओळीत नाव, आकडा, आणि हॅशनंतर वर्णन. प्रत्येक रनला आउटपुट फोल्डर वेगळा द्या, नाहीतर पुढचा रन आधीचं पुसून टाकतो. ते झालं की पुढे खरी गोची ब्लॉकची आहे.

बघा, आपल्याला प्रोग्रॅमचा महत्त्वाचा भागच मोजायचा असतो, म्हणून त्याच्या सुरुवातीला आपण स्टॅट्स रिसेट (म्हणजे शून्य) करतो आणि शेवटी डंप करून (म्हणजे फाइलमध्ये लिहून) परत रिसेट करतो. पण प्रोग्रॅम तिथे संपत नाही, तो उत्तर प्रिंट करतो, मेमरी सोडतो, मग बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना जेम५ अजून एकदा डंप करतो. म्हणजे फाइलमध्ये बिगिन आणि एंडच्या खुणा असलेले दोन ब्लॉक झाले आणि दोन्हींत नावं तीच. आता पायथनमध्ये ओळ वाचून सरळ डिक्शनरीत टाकत गेलात तर दुसरा ब्लॉक पहिल्यावर बसतो आणि तुमच्या हातात येतो तो शेवटच्या साफसफाईचा आयपीसी, म्हणजे एका सायकलमागे किती इन्स्ट्रक्शन झाल्या तो आकडा! आकडा अगदी नॉर्मल दिसतो, कुठे एरर नाही, ग्राफही छान येतो. म्हणून ब्लॉक वेगळे करा, किती आले ते मोजा, जितके अपेक्षित तितके नसतील तर तो रन बाजूला काढा. फाइल शून्य बाइटची असेल किंवा एंडची खूण नसेल तर समजा रन मधेच मेला, बहुतेक वेळा सर्व्हरची मेमरी संपलेली असते.

दुसरी जागा म्हणजे न सापडलेलं नाव. आपण सवयीने लिहितो की नाव नाही मिळालं तर शून्य धर. जेम५ मध्ये हे फार धोक्याचं आहे कारण बऱ्याच कॅश स्टॅट्स शून्य असल्या तर छापल्याच जात नाहीत, म्हणजे ओळ नसणं हे खरंच शून्य असू शकतं, आणि दुसरीकडे जुन्या आवृत्तीत अंडरस्कोअरवाली नावं होती ती नंतर कॅमलकेस झाली (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं), म्हणजे तुमची उसनी आणलेली स्क्रिप्ट मुळात चुकीचं नाव शोधत असू शकते. मी काय करते, तर इन्स्ट्रक्शन आणि सायकलचे आकडे नसले की स्क्रिप्ट थांबवते, आणि मिसेससारख्यांना (हवा तो डेटा कॅशमध्ये किती वेळा सापडला नाही) शून्य चालू देते, पण ते नाव अख्ख्या बॅचमध्ये निदान एका रनमध्ये दिसलंच पाहिजे. कुठेच दिसलं नाही तर नावच चुकलंय.

फोल्डरच्या नावावरही विश्वास ठेवू नका. नावात एलटू (दुसऱ्या पातळीची कॅश) २ एमबी लिहिलंय पण जेम५ च्या एसई स्क्रिप्टला (पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय नुसता प्रोग्रॅम चालवणारी) एलटू कॅश चालू करायचा ऑप्शनच दिला नाही, नुसता साइज दिला, तर तो साइज गुपचूप सोडून दिला जातो. त्याच फोल्डरमधली कॉन्फिग फाइल वाचा, तिथे साइज बाइटमध्ये असतो, २ एमबी असेल तर २०९७१५२ दिसलं पाहिजे. टेबलमधला कॉन्फिगरेशनचा कॉलम तिथूनच भरा.

वेळेचे आकडे दोन आहेत, सिमसेकंद्स म्हणजे तुमच्या डिझाइनवर प्रोग्रॅमला लागलेला वेळ आणि होस्टसेकंद्स म्हणजे सर्व्हरला सिम्युलेशन करायला लागलेला, स्पीडअप, म्हणजे वेग किती पट वाढला, तो कायम पहिल्यावरून. मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅम असेल तर आयपीसीवरून स्पीडअप काढूच नका, लॉकची वाट बघत फिरणारा थ्रेडसुद्धा इन्स्ट्रक्शन वाढवतो आणि आयपीसी उगाच छान दिसतो. आणि कॅशचं बोलायचं तर मिसरेटपेक्षा एमपीकेआय द्या, म्हणजे हजार इन्स्ट्रक्शनमागे किती मिस, कारण एलटूचा मिसरेट ९० टक्के असला तरी तिथे अ‍ॅक्सेसच मोजके येत असतील तर त्याने काहीच बिघडत नाही.

प्लॉटिंगची स्क्रिप्ट वेगळी ठेवा, तिने फक्त पार्सरने लिहिलेली सीएसव्ही (टेबलची साधी टेक्स्ट फाइल) वाचायची, स्टॅट्स फाइलला हात लावायचा नाही, म्हणजे रंग बदलायला परत हजारो फायली पार्स कराव्या लागत नाहीत. सरासरी मात्र जिओमीनचीच (भूमितीय मध्य), एक प्रोग्रॅम २ पट वेगवान आणि दुसरा ०.५ पट झाला तर साधी सरासरी १.२५ सांगते, जिओमीन १ सांगतो. बार चार्टचा वाय अ‍ॅक्सिस शून्यापासून सुरू करा, मोडलेला रन असेल तर तिथे बारऐवजी फुली दाखवा, तो प्रोग्रॅम गुपचूप गाळू नका आणि जिओमीन काढताना तुलनेच्या दोन्ही डिझाइनना तेच प्रोग्रॅम आहेत ना हे स्क्रिप्टलाच तपासू द्या. आउटपुट पीडीएफमध्ये घ्या आणि मॅटप्लॉटलिबमध्ये पीडीएफ फॉन्टटाइप ४२ करा, डिफॉल्ट ३ असतो आणि बऱ्याच कॉन्फरन्सच्या फॉरमॅट तपासणीत तो अडकतो.