पहाटे तीन वाजता पिल्लांकडे कोण बघतं?

पौषाचा गारठा उतरला की निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षवाला झोपत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून सगळं घर राबतं. त्याच मळ्यात, बागेपासून पन्नास पावलांवर, कोंबडीची शंभर पिल्लं एका बल्बच्या भरवशावर असतात आणि रात्री दहानंतर तिकडे कोणी फिरकत नाही. बाग लाखांची आणि पिल्लू चार पैशांचं, हा हिशेब मलाही कळतो. पण चौथ्या दिवशी पिल्लांनी माना टाकल्या की "रोग आला" म्हणू नका. आधी सांगा, पहाटे तीनला शेडमध्ये कोण गेलं होतं?

चौथाच दिवस का? पिल्लू अंड्यातून निघतं ते पोटात बलकाची शिदोरी घेऊन. ती चार-पाच दिवसांत जिरते. पहिल्या-दुसऱ्या रात्री पिल्लू गारठलं तर ती जिरत नाही, पोटातच नासते. अशी कितीतरी मेलेली पिल्लं मी चिरून पाहिली आहेत. बेंबीमागे हिरवट, पातळ, वास मारणारी पिशवी असते आणि गळ्याची पिशवी रिकामी. थंडी लागली मंगळवारी, पिल्लू मेलं शुक्रवारी, म्हणून कोणाला जोड लागत नाही. हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवतात तिथूनच, ओल्या बेंबीची पिल्लं आली तरी पोटात असंच दिसतं, तेव्हा घेतानाच दहा-बारा उलटी करून बघा. बेंबी कोरडी आणि मिटलेली हवी.

मग दुकानात गेलं की लिव्हर टॉनिक, जीवनसत्त्वाची बाटली, वर एक अँटिबायोटिक गळ्यात पडतं. गारठलेल्या पिल्लाला त्यातल्या कशाचाच उपयोग नाही. कोलिस्टिन तर 2019 पासून कोंबड्यांसाठी बंदच आहे. कोणी जुनं पाकीट काढून दिलं तर तिथंच ठेवून या. त्या पैशात बल्ब आणा.

बल्ब म्हणजे जुना, तारेचा, हात लावला तर चटका देणारा. एलईडीला उजेड आहे, ऊब नाही. गेल्या काही हिवाळ्यांत निम्मी मर मला या एलईडीखालीच दिसली. पुस्तकात पिल्लामागे एक ते दोन वॅट लिहिलेलं असतं, पण आपल्याकडच्या पौषात मी अडीचच्या आसपास धरतो. शंभर पिल्लांना 250 वॅटचा एक दिवा लावण्यापेक्षा साठ-साठचे चार लावा, एक उडाला तरी तीन राहतात. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट म्हणजे 35 सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला 5 फॅरनहाइट कमी.

थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. सारखी पसरून बसली तर ठीक. दिव्याखाली एकमेकांवर चढली आणि चिरका ओरडा सुरू झाला तर गारठली, अशा ढिगात खालची गुदमरून मरतात. चोच उघडून कडेला पळाली तर ऊब जास्त होतेय. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसरीकडून वारा घुसतोय, ती फट शोधा. माझी खूण सोपी आहे. पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावा. गार लागले तर ऊब कमी आहे, मग काटा काहीही दाखवो.

लाईट जाणार हे धरूनच चाला. गरम पाण्याचे कॅन गोणपाटात गुंडाळून चिक गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या, आत ठेवा. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये नको, तो धूर न दिसता मारतो. पडदे खालून घट्ट, वर फूटभर उघडे. सगळं प्लास्टिकने गच्च बांधलं की सकाळी आत जाताच डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरतात तर तिथं रात्रभर बसलेल्यांचं काय होत असेल!

पिल्लं येण्याआधी: शेड धुऊन चुना. भाताचं कोरडं तूस 2-3 इंच, घोटीच्या गिरणीचं चालेल. वर कागद. दिवे काही तास आधी सुरू. आधी कोमट पाणी, लिटरला 50 ग्रॅम गूळ. मग कागदावर मक्याची भरड. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य.

लसी: 5-7 दिवस, मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. 14 व्या दिवशी गंबोरो रोगाची. 28 व्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची. आठव्यात मानमोडीचीच आर-टू-बी, टोचून. लस बर्फातूनच आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा, सुस्त पिल्लांना देऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण. मूळ पाण्याच्या भांड्याभोवतीच्या ओल्या तुसात असतं. मूठभर तूस दाबा, गोळा झाला तर तेवढं उचलून फेका. रक्त दिसलंच तर अँप्रोलियम 20 टक्के पावडर, लिटरला 1.2 ग्रॅम, 5 ते 7 दिवस. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद. दुकानदार दोन्ही एकत्र देतो आणि एक दुसऱ्याला मारतं.

एकदम बरीच पिल्लं किंवा कोंबड्या मेल्या तर चिरत बसू नका, हात लावू नका. 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. नवापूरचा बर्ड फ्लू 2006 ला आला, 2021 ला पुन्हा आला आणि नवापूर इथून लांब नाही.

घार-कावळ्याला वर जुनं शेडनेट पुरतं. मुंगूस, रानमांजर आणि सगळ्यात वाईट म्हणजे घूस, यांना षटकोनी कोंबडी-जाळी अडवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, फूटभर जमिनीत गाडा. रात्री पिल्लं कमी झाली आणि रक्ताचा थेंब नाही, तर बीळ शोधा.

राहिला बिबट्या. गोदाकाठच्या उसाला लागून मळा असेल तर पहाटे तीनला एकट्यानं शेडवर जा, असं मी कोणाला सांगणार नाही. जायचंच तर दोघं, हातात बॅटरी आणि काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून. त्यापेक्षा पहिले दहा दिवस ब्रूडर, म्हणजे दिव्याखालची पिल्लांची ऊबदार जागा, पडवीत किंवा घरातल्या कोपऱ्यात मांडा. शंभर पिल्लांना पन्नास चौरस फूट पुरतात. वास येतो, घरचे कुरकुरतात. पण ओरडा बदलला की झोपेतही ऐकू येतो.