कमरेमागची मूठभर फट

ओट्यापाशी पंधरा मिनिटं उभी राहिले की कंबर भरून यायची. पुढे वाकून बसलं की लगेच मोकळी व्हायची. एकदा भिंतीला पाठ टेकून पाहिलं. कमरेमागे तळहात सरकेल एवढी फट बहुतेकांना असते. माझी अख्खी मूठ आरपार गेली.

कमरेच्या ५ मणक्यांची ही आतली कमान मुळात वाईट नाही, धक्के पेलायला ती हवीच. त्यामुळे ‘पाठ अगदी सपाट ठेवा’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. फिजिओथेरपिस्टनी तपासून सांगितलं, की जांघेतले स्नायू आखडलेत आणि उभं राहताना मी पोट पुढे सोडते.

एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, असा ताण द्यायला सांगितला होता. दोन आठवडे मी नुसतीच पुढे झुकत होते आणि कंबर उलट जास्त दुखत होती. चूक नंतर कळली. आधी मागच्या पायाकडचा कुल्ला आवळायचा, माकडहाड खाली ओढायचं, आणि मग जेमतेम दोन बोटं पुढे सरकायचं. ताण कमरेतून सुटून थेट जांघेत उतरला! ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी ३ वेळा. शिवाय उताणं झोपून कुल्ले उचलायचे, रोज.

पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर हे करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी निघा.

दोन महिन्यांनी भिंतीपाशी पुन्हा उभी राहिले. फट जवळपास तेवढीच आहे. कंबर मात्र दुखत नाही.