रिव्हॉल्व्हरची झीज तपासताना या चुका टाळा

जुने रिव्हॉल्व्हर विकत घेताना किंवा वारसाहक्काने आपल्या परवान्यावर चढवून घेताना बहुतेक जण नळीची चकाकी पाहतात, घोडा दोन-चारदा खटाखट ओढतात आणि समाधान मानतात. खरी झीज मात्र सिलिंडर (काडतुसांचे कप्पे असलेला फिरता भाग) फिरवणाऱ्या व त्याला अडवणाऱ्या भागांत असते. येथे विचार केला आहे तो सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या, स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरचा. सर्व कप्पे रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी, खरी काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत आणि नळी कायम सुरक्षित दिशेला असावी.

सर्वांत मोठी चूक घाईची. घोडा मागे जात असताना आतला पंजा सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलतो आणि चौकटीतून वर येणारी खिटी सिलिंडरच्या खाचेत बसते. घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आत ही खिटी बसलेली असली पाहिजे. घोडा झटक्यात ओढला, तर सिलिंडर आपल्याच वेगाने उरलेले अंतर कापतो आणि दोष झाकला जातो. म्हणून एका बोटाचा अगदी हलका अडसर सिलिंडरला लावून घोडा सावकाश मागे न्यावा आणि ही परीक्षा प्रत्येक कप्प्यासाठी, खडूची खूण करून, स्वतंत्रपणे घ्यावी. एकच कप्पा मागे राहत असेल, म्हणजे खिटी बसण्याआधीच घोडा अडकत असेल, तर संशय त्या दात्यावर किंवा त्या खाचेवर. सगळेच मागे राहत असतील तर पंजा झिजला असण्याची शक्यता अधिक. कप्प्यांत डमी काडतुसे घालूनच हे करावे, कारण अनेक मॉडेलांत ती नसल्यास दातेरी चकती किंचित हलते आणि धडधाकट शस्त्रही सदोष वाटते.

घोडा विसावलेला असताना सिलिंडर हलवून पाहण्याला फारसा अर्थ नाही. चाप ओढून घोडा पडू द्यावा, चाप तसाच दाबून ठेवावा आणि मग सिलिंडर दोन्ही बाजूंना हलवावा. स्मिथ अँड वेसनमध्ये येथे थोडी हालचाल चालते, पण 1955 मध्ये आलेल्या कोल्ट पायथनसारख्या जुन्या कोल्टमध्ये सिलिंडर जवळजवळ घट्ट बसला पाहिजे. दोघांना एकच फूटपट्टी लावणे हीदेखील चूकच.

नळी व सिलिंडर यांच्यातील फट मोजताना सिलिंडर एकदा मागे आणि एकदा पुढे दाबून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) दोन मापे घ्यावीत. मागे दाबल्यावर साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर फट सर्वसाधारण मानली जाते. दोन मापांतील फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल. एक्स्ट्रॅक्टरच्या (टरफले बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले असतील तर सिलिंडर जड फिरतो, म्हणून सफाई आधी.

चित्रपटातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करू नये. सिलिंडरला चौकटीशी जोडून धरणारा धातूचा हात वाकतो. आणि दाते घरी कानशीने घासणे तर सर्वथा वर्ज्य: घासलेले पोलाद परत येत नाही, शिवाय शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दुरुस्तीचा व्यवसाय परवानाधारकच करू शकतो. त्याच्याकडे जाताना कोणत्या कप्प्यात काय आढळले याचे टिपण सोबत न्यावे. जुनी झाडलेली टरफले असल्यास तीही न्यावीत. टरफलाच्या बुडाच्या टोपीवरची घोड्याची खूण मध्यापासून सरकलेली दिसली, तर कप्पा नळीसमोर सरळ येत नसल्याचा तो सबळ पुरावा ठरतो.