टास्मानियात डेव्हिल कसा ओळखावा

ऑस्ट्रेलियात मुलांकडे गेलेली पुण्याची मंडळी हल्ली टास्मानियालाही जाऊन येतात. परतल्यावर मोबाईलवर 'डेव्हिल' म्हणून दाखवला जाणारा प्राणी कधी कधी क्वोल हा तिथलाच दुसरा प्राणी निघतो. दोघेही शिशुधान, म्हणजे पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारे, मांसाहारी आणि निशाचर असल्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वीच त्यांच्या खुणा पक्क्या कराव्यात.

प्रथम ठिपके पाहावेत. अंगावर पांढरे ठिपके असतील तर तो क्वोल होय. डेव्हिलचे अंग काळे असून छातीवर किंवा पाठीच्या मागच्या भागावर पांढरा पट्टा असतो. परंतु काही डेव्हिल पूर्ण काळेच असल्यामुळे केवळ पट्ट्यावर विसंबू नये.

खरी ओळख बांध्यात आहे. अंगाच्या मानाने डोके मोठे आणि पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे तो पुढून जड, मागून उतरता दिसतो आणि झुलत, डुलत धावतो. सासवडच्या माळावर तरस पाहिलेल्यांना हा उतार चटकन जाणवेल. या दोघांचे नाते मुळीच नाही, पण मेलेले जनावर हाडांसकट फस्त करण्याची सवय मात्र तीच आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण ८ ते १२ किलोंचा असतो. शेपटीकडेही अवश्य लक्ष द्यावे, कारण डेव्हिल तिच्यात चरबी साठवतो. जाडजूड शेपटी हे धडधाकट प्रकृतीचे लक्षण आहे.

त्याने जबडा पूर्ण उघडला की लोक 'चिडला' म्हणतात, हे मला फार खटकते. ती जांभई बहुधा भीतीची वा अस्वस्थतेची असते. त्याच वेळी पातळ कान लालसर झालेले दिसले, तर आपण आणखी मागे सरावे. रात्री एकाच मढ्यावर अनेक डेव्हिल जमल्यावर होणारा कर्कश आरडाओरडा हा मुख्यतः हक्क सांगण्याचा प्रकार असतो.

चेहऱ्यावर गाठी किंवा व्रण दिसल्यास ठिकाण आणि वेळ टिपून तेथील वन्यजीव विभागाला कळवावे. १९९६ मध्ये प्रथम आढळलेला आणि चावण्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग या प्राण्याच्या मुळावर उठला आहे.

सूर्यास्तानंतर गाडी सावकाश चालवावी. वाहनाखाली मेलेले जनावर खाण्यासाठी डेव्हिल रस्त्यावर येतो आणि काळ्या डांबरावर तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.