एका रविवारी एकच घाट

"पोस्टिंग कुठे मिळालं रे?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.
"हा," हे म्हणाले.
"अरे हा काय, गावाचं नाव सांग ना!"

गावाचं नावच 'हा'. पश्चिम भूतानात, डोंगरांच्या कुशीत. 1962 पासून आपल्या सैन्याची प्रशिक्षण तुकडी तिथे आहे, सगळे तिला 'इमट्रॅट' म्हणतात. चाळीसगावच्या आमच्या घरात हा विनोद अजून चालतो. परवा गल्लीतली एक नवी सून डबा घेऊन आली. तिच्या नवऱ्यालाही तिकडचंच पोस्टिंग लागलंय. म्हणाली, "काकू, रविवारी तिथे करायचं काय?" तिला जे सांगितलं ते लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या सुनेला पुन्हा सांगायला नको.

पहिलं म्हणजे, गेल्या गेल्या हिंडायला निघू नका. कळसूबाई 1,646 मीटर. हा गावाची उंची साधारण 2,700. म्हणजे क्वार्टरच्या ओट्यावर उभं राहिलं तरी तुम्ही कळसूबाईच्या हजारेक मीटर वर. पहिले आठ-दहा दिवस बाजारातून पिशवी आणतानाही दम लागतो. डोकं दुखतं, तूरडाळीला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या लागतात. अंगाला सवय होऊ द्या. निघायच्या आधी इकडेच पाटणादेवीला जाऊन कण्हेरगड चढून बघा. वर पोचेपर्यंत किती वेळा बसावं लागलं ते मोजा. त्यावरून तिकडचं काय झेपेल याचा अंदाज येतो. मी अकरा वेळा बसले होते.

दुसरं, रविवार पूर्ण आपला नसतो. मंदिर परेड, नवऱ्याची ड्युटी, संध्याकाळची हजेरी यातून उरतो तेवढाच. म्हणून आउटपास, म्हणजे बाहेर जायची परवानगी आधी, बेत नंतर. कुठल्या रस्त्याने जाणार, किती वाजता परत येणार, हे युनिटला सांगूनच निघायचं. आणि फोटो! गेट, गाड्यांचे नंबर, वर्दीतला नवरा, यातलं काहीही स्टेटसला टाकायचं नाही. मावशीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, कारण तिथून ते कुठे जाईल याचा नेम नाही.

पहिले दोन-तीन रविवार पायीच घालवा. ल्हाखांग कार्पो म्हणजे पांढरं देऊळ आणि ल्हाखांग नाग्पो म्हणजे काळं. तिबेटच्या राजाने सोडलेलं पांढरं कबूतर एकीकडे उतरलं आणि काळं दुसरीकडे, अशी तिथली आख्यायिका. मागे एका रांगेत तीन डोंगर आहेत, मेरी पुएनसुम. स्तूप दिसला की डावीकडून जायचं, प्रदक्षिणेसारखं. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. देवळात जाताना टोपी काढायची, बाह्या पूर्ण हव्यात. आपली साडी आणि वर स्वेटर चालतो, पण पायात बूट घाला. मोज्यांवर चप्पल घालून मी एकदा चिखलात बसलेय.

मग चेले ला. 'ला' म्हणजे खिंड. उंची 3,988 मीटर, गावापासून सव्वीसेक किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात वळणंच वळणं. आपण सरळ रस्त्यांची माणसं. चाळीसगाव-धुळे रस्त्यावर झोप लागते, इथे पोटातलं वर येतं. निघताना पोटभर खाऊ नका, आलेपाक तोंडात ठेवा, पोराला पुढच्या सीटवर बसवा. सकाळी सातच्या आत वर पोचलात आणि आभाळ मोकळं असलं तर जोमोल्हारी शिखर दिसतं, सात हजार मीटरांहून उंच. दहानंतर बहुधा ढगच. एप्रिल-मेमध्ये बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो. हिवाळ्यात बर्फ पडून रस्ता बंद होतो, तेव्हा आदल्या रात्री विचारल्याशिवाय निघू नका. वर अर्धा तास पुरे. पोरांना पळू देऊ नका.

तिथलीच एक गोष्ट. मी घरून बिबड्या तळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून नेल्या होत्या. वर पोचलो तर पिशवी उशीसारखी फुगलेली! हवा विरळ, म्हणून आतली हवा फुगते. पोरगा घाबरून म्हणाला, "आई, बॉम्ब." फौजीचं पोर, त्याला दुसरं काय सुचणार! पिशवी फोडली, कळण्याची भाकरी काढली, तर ती लाकडासारखी कडक झालेली. आमच्या भूतानी ड्रायव्हरने मात्र ठेचा बोटावर घेऊन चाखला, डोळे मिटले, पुन्हा बोट पुढे केलं. मग खिशातून दोरीत ओवलेलं सुकं चीज काढून आम्हाला एकेक तुकडा दिला. तो तुकडा मी खिंडीपलीकडच्या पारो गावापर्यंत चघळत होते. दात शाबूत राहिले, हीच कमाई. ठेचा मात्र दर फेरीला न्यायचाच. तिकडे मिरची भाजीसारखी खातात. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज, बस. सासूबाई निघताना म्हणाल्या होत्या, "तठे खावाले काय भेटी?" त्यांना मी पहिल्याच पत्रात कळवलं, की मिरचीच्या बाबतीत आपण घरीच आहोत.

पारोला जायचं तर शरद ऋतूत जा. घरांच्या पत्र्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, सगळी छपरं लालेलाल. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची पसरलेली ज्याने पाहिलीय त्याला तिथे परकं वाटणार नाही. मी तर खिडकीतून नाक बाहेर काढून बसले होते, शिंक येते का बघायला.

पारो तक्त्सांगला, म्हणजे वाघिणीच्या गुहेला, पूर्ण रविवार द्या. सोबत दुसरं काही जोडू नका. 1692 साली बांधलेला मठ कड्याला चिकटलाय, दरीच्या तळापासून नऊशेक मीटर वर. पद्मसंभव गुरू वाघिणीवर बसून आले, असं सांगतात. चढायला दोन ते तीन तास. घोडं अर्ध्या वाटेपर्यंतच, पुढे पायऱ्या. आणि त्या पायऱ्या आधी खाली उतरतात, मग पुन्हा वर! दुरून मठ हाताशी आल्यासारखा दिसतो, तिथेच माणूस पाणी संपवून बसतो. पाणी धबधब्यानंतरच्या चढासाठी राखा. मोबाइल आणि पिशव्या दाराशी ठेवाव्या लागतात, म्हणून दागिने घालून जाऊ नका. सहा वर्षांखालचं पोर शेजारणीकडे ठेवा, तिचं पोर पुढच्या रविवारी तुम्ही सांभाळा. आम्ही तिघी-चौघींनी असाच पाळीचा हिशोब ठेवला होता.

घड्याळाचं लक्षात ठेवा. भूतान आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. माझ्या फोनवर भारताचीच वेळ राहिली होती. चारची शेअर टॅक्सी म्हणून पारोच्या चौकात ऐटीत पोचले, तेव्हा तिथे साडेचार झालेले. टॅक्सी गेलेली, दुसरी चुझोमच्या लांबच्या रस्त्याने जाणारी, आणि हजेरीची वेळ डोक्यावर. ह्यांनी वाटेत एक शब्द काढला नाही. फौजी गप्प बसला की समजून घ्यायचं.

राजधानी थिंफूला शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली तरच जा. नदीकाठचा आठवडी बाजार चांगला, सिग्नलऐवजी हातवारे करणारा पोलीस बघून पोरं खूश होतात, डोंगरावरचा मोठा बुद्ध लांबूनही दिसतो. बाकी शहर ते शहर.

पुनाखा मात्र थंडीसाठी राखून ठेवा. उंची बाराशे मीटरांच्या आसपास, जानेवारीतही अंगावर ऊन घेता येतं. वाटेत दोचुला खिंडीत 108 स्तूप आहेत. खाली दोन नद्यांच्या संगमावर सतराव्या शतकातला किल्लेवजा मठ. एका नदीला बाप म्हणतात, दुसरीला आई. हा गावाहून एका दिवसात हे होत नाही. आम्ही एका रविवारी करायला गेलो आणि तेरा तास गाडीत बसून परत आलो. पोराला आठवतं ते फक्त वळण. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: एका रविवारी एकच घाट.

पैशांचं सोपं आहे. त्यांचा एक न्गुलत्रुम म्हणजे आपला एक रुपया, आपल्या नोटा चालतात. सुट्टे मात्र त्यांच्या नोटांत मिळतात. घरी यायच्या वेळी ते सीमेवरच्या फुंत्शोलिंगलाच खर्चून टाका. आपल्याकडच्या हासिमारा स्टेशनवरच्या चहावाल्याने माझी नोट उलटसुलट करून परत दिली होती.

आणि ठेच्याची बरणी काचेची नको, प्लॅस्टिकची घ्या. वर दोन बोटं शेंगदाण्याचं तेल ठेवा. थंडीत ते गोठतं, खिडकीतल्या उन्हात ठेवलं की सुटतं. एक बरणी ड्रायव्हरसाठी वेगळी भरा.