भाऊबीजेचे फोटो एक तास पुढे गेले तर काय करायचं

२०२४ ची दिवाळी आम्ही न्यू जर्सीत केली आणि नंतर फोनचे आणि डीएसएलआरचे फोटो एका अल्बममधे टाकले तर काय, भाऊबीजेचं जेवण पावणेबाराला आणि ओवाळणी बाराला. म्हणजे आधी जेवलो मग ओवाळलं! प्रत्यक्षात ओवाळणी ११ ला झाली होती.

झालं असं की कॅमेरा पुण्याहून आणलेला, त्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलेलं. मी म्हटलं सोपंय, इथली वेळ साडेनऊ तास मागे, सगळं फोल्डर सिलेक्ट करून ९:३० वजा करून टाकले. पण त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि नेमक्या त्याच पहाटे २ वाजता अमेरिकेतलं डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवणं, संपलं आणि घड्याळं परत १ वर गेली. तिथून पुढे फरक साडेदहा तासांचा.

तर पहिलं काम म्हणजे काहीही वजा करायच्या आधी फोल्डरचे दोन भाग करा, आणि ते कॅमेऱ्यातल्या वेळेनुसार करा, इथल्या नाही. घड्याळ बदललं तो क्षण भारतीय वेळेनुसार ३ नोव्हेंबर सकाळी ११:३० होता. कॅमेरा ११:३० च्या आधीचं दाखवत असेल तर ९:३० वजा, नंतरचं असेल तर १०:३०. ओवाळणीच्या फोटोवर रात्रीचे ९:३० होते, त्यातून साडेदहा काढले की सकाळचे ११, बरोब्बर. तुमचा कॅमेरा उन्हाळ्यात इथल्या वेळेवर लावला असेल आणि नंतर हात लावला नसेल तर अजून सोपं, ३ तारखेच्या पहाटे २ नंतरच्या फोटोंमधून फक्त १ तास काढायचा, आधीच्यांना हात लावायचा नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ नक्की कुठल्या वेळेवर होतं हे आठवणीवर सोडू नका. एकाच क्षणाचा फोनवरचा आणि कॅमेऱ्यातला फोटो शोधा, केक कापताना, दिवा लावताना असा सापडतोच, आणि फरक काढा. पण घड्याळ बदलायच्या आधीची एक जोडी आणि नंतरची एक जोडी, दोन्ही हव्यात, एकीवर भागवलं की माझ्यासारखं होतं. फोटोत मागे दिसणाऱ्या ओव्हनच्या घड्याळावर तर अजिबात जाऊ नका, आमचं थँक्सगिव्हिंगपर्यंत जुन्याच वेळेवर होतं. फोनच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर आत जीपीएसची वेळ पण असते, ती नेहमी यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, तिला डेलाइट सेव्हिंगशी काही देणंघेणं नाही, म्हणून शंका आली की तिच्याशी ताडून बघा.

दुरुस्तीला मी एक्झिफटूल नावाचा प्रोग्रॅम वापरतो, फुकट आहे. त्यात ऑलडेट्स म्हणून एक शॉर्टकट आहे, त्यातून तास-मिनिटं वजा केली की फोटोतल्या तिन्ही मुख्य तारखा एकदम सरकतात आणि जुनी फाइल शेजारी जपून ठेवली जाते. ती कॉपी लगेच उडवू नका. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे एडिट कॅप्चर टाइम आहे, तिथे सिलेक्ट केलेल्यांतल्या मुख्य फोटोला बरोबर वेळ दिली की बाकीचे तेवढेच सरकतात, म्हणजे ते पण दोन गठ्ठ्यांत वेगवेगळं करायचं. फोटोतल्या मूळ तारखेच्या रकान्यात टाइमझोन नसतोच, त्याचा ऑफसेट रकाना, म्हणजे यूटीसीपासून किती तासांचा फरक ते लिहायचा, वेगळा, तो एक्झिफच्या (फोटोच्या आत अशी माहिती लिहायच्या पद्धतीच्या) २.३१ आवृत्तीत म्हणजे २०१६ मधे आला. वेळ सरकवली तरी तो आपोआप बदलत नाही, म्हणून पहिल्या गठ्ठ्याला उणे ४ आणि दुसऱ्याला उणे ५ असं वेगळं लिहा.

आता खरी डोकेदुखी म्हणजे त्या पहाटेचा १ ते २ चा तास, तो दोनदा येतो. पाडव्याच्या रात्री आमचे पत्ते रंगलेले, कॅमेऱ्यात ११ वाजताचा आणि १२ वाजताचा असे दोन फोटो, सगळं बरोबर दुरुस्त केल्यावर दोन्हीवर १:३०! सॉर्ट केलं की हरलेला भाऊ क्षणात जिंकतो, परत हरतो. ऑफसेट लिहिला तरी सगळी सॉफ्टवेअर सॉर्ट करताना तो बघतातच असं नाही. तेवढे फोटो फाइलच्या नंबरने लावा, कॅमेरा नंबर ओळीनेच देतो. मार्चमधे उलटं, २ ते ३ हा तास नसतोच, त्या पहाटेचा २:२० चा फोटो दिसला की समजायचं कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलं नाही.

व्हिडिओ याच गठ्ठ्यात ढकलू नका, फोनचे व्हिडिओ आत बहुतेक यूटीसी वेळ ठेवतात, त्यांचं गणित वेगळं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंतून मूळ वेळ गेलेलीच असते, ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, मूळ फाइल मागवा. लंडनच्या बहिणीचे फोटो घालणार असाल तर तिकडची घड्याळं २७ ऑक्टोबरलाच बदलली होती, म्हणजे मधला आठवडा आमच्यात पाचच्या ऐवजी चारच तासांचा फरक.

कॅमेऱ्याच्या मेनूत डेलाइट सेव्हिंग चालू-बंद असं बटण असतं, ते पण बघून ठेवा, कारण ते चालू करून वर हाताने तास पुढे केला की घड्याळ एकाऐवजी दोन तास पुढे जातं. मी आता ते बंद करून कॅमेरा कायमचा भारतीय वेळेवर ठेवलाय, आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करायची भानगडच नाही, वजाबाकी घरी येऊन करतो.