युकुलेलेवर सी कॉर्ड धरताना या चुका टाळा

युकुलेलेवर सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) एका बोटाने लागते, म्हणूनच शिकणारा तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही आणि ती बद्द वाजली की दोष वाद्याला देतो. मदेरा बेटावरून 1879 साली होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या वाद्यांतून हवाईत घडलेले हे चार तारांचे वाद्य तसे सोशिक आहे. गडबड बहुधा तारा जुळवतानाच झालेली असते.

पांढरी एक (म्हणजे पाश्चात्त्य सी) हा षड्ज मानला, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. सी कॉर्डला लागणारे सा, ग, प त्यांत आधीच असतात. पहिल्या तारेवरचा धैवत तिसऱ्या पडद्यावर (दांडीवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी) चढवून तार सप्तकातला षड्ज केला की कॉर्ड पुरी होते. पहिली तार म्हणजे जमिनीकडची. वरची तार पहिली समजून दाबली, तर धैवत तसाच राहतो आणि पंचमाच्या जागी कोमल निषाद येतो. गिटारच्या सवयीने चौथी तार मंद्र पंचमात उतरवू नये. ती ढिली पडते. खालच्या पंचमासाठी जाड तार वेगळी मिळते.

बोट तिसऱ्या पडद्याच्या पट्टीला लगटून, पण दुसऱ्या पडद्याच्या बाजूला टेकवावे. पट्टीवरच ठेवले तर आवाज दबतो, फार मागे राहिले तर तार झणझणते. बोट आडवे पडले की शेजारच्या तारेला लागून गांधार बंद होतो, म्हणून कॉर्ड छेडण्याआधी चारही तारा एकेक वाजवून पाहाव्यात. चूक कुठे आहे ते लगेच कळते. तर्जनी सोयीची वाटली तरी अनामिकाच वापरावी, कारण पुढे जी सेव्हन ही कॉर्ड धरताना तीच त्याच तारेवर एक पडदा मागे सरकते आणि बाकीची बोटे मोकळी असतात.

नव्या नायलॉन तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत राहतात, तेव्हा दर बैठकीला, किंबहुना बैठकीच्या मध्येही, सूर तपासावा. मोकळा धैवत अचूक असूनही दाबलेला षड्ज चढा लागत असेल, तर बोटाचा जोर कमी करावा आणि तार बाजूला ओढली जात नाही ना ते पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर खुंट्यांजवळच्या पट्टीवरील खाच उथळ राहून तार उंच बसलेली असू शकते, आणि ती खाच घरी न कोरता कारागिराकडूनच खोल करून घ्यावी.